कर्नल अपडेट झालं की यूएसबी वाय-फाय गायब होतं? आधी हेडर्स तपासा

"ताई, चार नंबरचं नेट परत गेलंय."

हे वाक्य मी वर्षभरात इतक्यांदा ऐकलंय की फोनवर नाव दिसलं तरी कळायचं, आज कुठलं तरी मशिन बसलंय. परळला एका चाळीत तळमजल्यावर आमची अभ्यासिका आहे. दोन खोल्या आणि भिंतीला लागून सहा कॉम्प्युटर. एका ऑफिसने नवे घेतले तेव्हा जुने आम्हाला दिले. स्पर्धा परीक्षांची मुलं त्यावर फॉर्म भरतात, हॉल तिकीट काढतात, जुन्या प्रश्नपत्रिका बघतात. विंडोज त्यांच्यावर अक्षरशः रांगत होतं, म्हणून मी सहाही मशिनवर डेबियन १२ हे लिनक्स टाकलं. राउटर मंडळाच्या ऑफिसात, पॅसेजच्या पार दुसऱ्या टोकाला. मधली भिंत जुनी आणि हातभर जाड, केबलसाठी भोक पाडायला परवानगी नाही. म्हणून प्रत्येक मशिनला एकेक यूएसबी वाय-फाय डोंगल.

त्या डोंगलना डेबियन १२ मध्ये आयता ड्रायव्हर नव्हता. शोधाशोध करून तो बसवला, नेट चालू झालं, सगळे खूश. तीनेक आठवड्यांनी एका मशिनचं नेट गेलं. ड्रायव्हर परत बसवला, चाललं. मग दुसऱ्याचं गेलं, मग पहिल्याचं परत. फॉर्मची शेवटची तारीख आणि मशिनला नेट नाही, अशा वेळी मुलांचे चेहरे बघवत नाहीत. कारण सापडायला मला चार महिने लागले आणि ते अगदी साधं होतं. तुमचंही डोंगल असंच अधूनमधून मरत असेल, तर हे चार महिने तुमचे वाचावेत म्हणून लिहितेय.

एक सूचना आधीच. टर्मिनलच्या आज्ञा मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमनमध्ये आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

चिप कुठली, ते आधी बघा

डोंगलच्या खोक्यावर कंपनीचं नाव असतं, वेग असतो, कधी पेंग्विनचं चित्रही असतं. त्यातलं काहीच इथे कामाचं नाही. लिनक्सला आतली चिप कळते आणि चिपची ओळख 'एलएसयूएसबी' ही आज्ञा सांगते. प्रत्येक ओळीत कोलनने जोडलेले चार-चार अक्षरी दोन आकडे दिसतील. पहिला उत्पादकाचा, दुसरा त्या वस्तूचा. आमच्या डोंगलवर '०बीडीए:सी८११' येतं. ०बीडीए म्हणजे रिअलटेक, सी८११ म्हणजे ८८११सीयू किंवा ८८२१सीयू या घराण्यातली चिप. ०सीएफ३:९२७१ दिसलं तर अॅथेरॉसची एआर९२७१, १४८एफ:५३७० दिसलं तर रालिंकची आरटी५३७०. या शेवटच्या दोन्हींचे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, पूर्वीपासून आहेत. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांना फार तर फर्मवेअरचं, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं, पॅकेज टाकावं लागतं आणि पुढचं बहुतेक काही वाचायची गरज नाही.

मॉडेलच्या नावावर विसंबू नका, हे मुद्दाम सांगते. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या प्रसिद्ध मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अॅथेरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आली. नाव तेच, बाहेरून रूपही जवळपास तेच, पण ड्रायव्हर पूर्ण वेगळा. एखाद्याने "माझ्याकडे हेच मॉडेल मस्त चालतंय" म्हटलं म्हणून तुमचं चालेलच असं नाही.

आता एक फसवा प्रकार. डोंगल लावलं की काही वेळा स्क्रीनवर सीडीचं चिन्ह येतं आणि एलएसयूएसबीमध्ये ०बीडीए:१ए२बी दिसतं. म्हणजे डोंगलने स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवलंय. विंडोजवाल्यांना ड्रायव्हर आयता मिळावा म्हणून ही सोय केलेली असते. विंडोजचा ड्रायव्हर बसला की तो डोंगलला वाय-फाय मोडमध्ये ढकलतो. लिनक्सवर ढकलणारं कुणी नसेल तर ते सीडी होऊनच बसून राहतं आणि आपण ड्रायव्हरवर ड्रायव्हर टाकत राहतो. उपाय दोन. सीडीच्या चिन्हावर उजवी क्लिक करून 'इजेक्ट' करा, बऱ्याचदा एवढ्याने काम होतं. नाहीतर यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज टाका आणि 'सुडो यूएसबी_मोडस्विच -के -व्ही ०बीडीए -पी १ए२बी' चालवा. यातला 'के' मोठा, बाकी सगळं लहान. दोन सेकंदांत डोंगलवरचा दिवा मिचकतो आणि एलएसयूएसबीमध्ये आकडा बदलून सी८११ किंवा सी८२० असा काहीतरी होतो. दर वेळी हे हाताने करायला नको असेल, तर हीच आज्ञा यूडेव्हच्या, म्हणजे जोडलेल्या वस्तू ओळखणाऱ्या यंत्रणेच्या, नियमात घाला. ईटीसी फोल्डरमधल्या यूडेव्हच्या 'रूल्स-डी'मध्ये एक छोटी फाइल करायची आणि तीत सांगायचं, की हे दोन आकडे असलेली वस्तू जोडली गेली की ही आज्ञा चालव. आमच्या सहापैकी दोन डोंगल अशी निघाली. एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकसारख्या खोक्यांत घेतलेली असूनही.

नेटच नाही, मग ड्रायव्हर आणायचा कसा

मोबाइल केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेथरिंग चालू करा. लिनक्सला ते वायर्ड कनेक्शनसारखं दिसतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल मात्र डेटाची हवी. नुसती चार्जिंगची केबल असेल तर फोन चार्ज होत राहील आणि टेथरिंगचं बटण दाबताच येणार नाही. मुलांकडे असलेल्या केबलींपैकी निम्म्या तशाच असतात.

चालू झालेलं नेट परत का जातं

आता खरा मुद्दा.

लिनक्समध्ये ड्रायव्हर म्हणजे कर्नलला जोडला जाणारा एक तुकडा, मॉड्यूल. तो ज्या कर्नलसाठी बांधला त्याच कर्नलशी त्याचं जमतं. लिब फोल्डरातल्या 'मॉड्यूल्स'मध्ये डोकावलं की प्रत्येक कर्नलच्या नावाचा वेगळा फोल्डर दिसतो आणि त्या-त्या कर्नलचे ड्रायव्हर त्यातच असतात. कर्नलच्या पोटातल्या जोडण्या आवृत्तीगणिक बदलायची मोकळीक कर्नल लिहिणाऱ्यांनी जाणूनबुजून ठेवली आहे. आपली रोजची सॉफ्टवेअर मोडू नयेत याची ते काळजी घेतात, पण बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरची जबाबदारी घेत नाहीत. कर्नलच्या मूळ कोडमध्ये असलेला ड्रायव्हर प्रत्येक आवृत्तीबरोबर आपोआप नव्याने बांधला जातो. आपण बाहेरून आणून बसवलेला मागेच राहतो.

आमची चुकामूक अगदी थोडक्यात झाली होती. ८८२१सीयू चिपसाठी यूएसबीवरचा आरटीडब्ल्यू८८ हा ड्रायव्हर कर्नल ६.२ मध्ये आला. २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२ चा कर्नल आहे ६.१. एका पायरीने हुकलं. म्हणून बाहेरचा ड्रायव्हर घ्यावा लागला.

पहिल्यांदा मी तो 'मेक' आणि 'सुडो मेक इन्स्टॉल' करून बसवला होता. असं केलं की ड्रायव्हर फक्त त्या घडीला चालू असलेल्या कर्नलच्या फोल्डरात जातो. सुरक्षा अपडेटमधून ६.१.०-१८ च्या जागी ६.१.०-२० आलं, मशिन बंद करून सकाळी चालू केलं, की नव्या कर्नलच्या फोल्डरात ड्रायव्हर नाही. नेट बंद.

यातली खरी मेख ही, की अपडेट झाल्या क्षणी काहीच बिघडत नाही. जुना कर्नल मेमरीत चालू असतो, वाय-फाय चालू असतं. बिघाड दिसतो तो पुढच्या रीस्टार्टला. आमच्याकडे संध्याकाळी कुणीतरी अपडेट करायचं, रात्री काका सगळी मशिन बंद करायचे आणि सकाळी पहिली येणारी मुलगी नेट गेल्याचं सांगायची. प्रत्येक मशिन वेगळ्या दिवशी अपडेट व्हायचं, त्यामुळे बिघाड सहाही मशिनवर विखुरलेला. मी राउटर बदलून बघितला. डोंगल एकमेकांत अदलाबदल केली. पावसाळा होता, म्हणून पोर्टवर ओल चढली असेल असं समजून सगळे पोर्ट पुसून काढले. कर्नल बदललाय का, हे एकदाही बघितलं नाही.

तुमच्याकडे हेच होतंय का, ते दोन मिनिटांत तपासता येतं. मशिन रीस्टार्ट करा, सुरुवातीच्या ग्रबच्या मेनूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडा आणि यादीतला आधीचा कर्नल घ्या. तिथे वाय-फाय चाललं, तर डोंगल, पोर्ट, राउटर, पासवर्ड सगळं ठीक आहे. फक्त नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधला गेलेला नाही. अडचणीच्या वेळी हाच तातडीचा उपायही आहे. फॉर्मची मुदत आज रात्री बाराला संपत असेल, तर जुन्या कर्नलवर मशिन चालू करून द्या आणि दुरुस्ती उद्यावर टाका.

डीकेएमएस आणि त्याच्या पोटातली गोम

दर नव्या कर्नलसाठी बाहेरचा ड्रायव्हर आपोआप बांधून द्यायला डीकेएमएस नावाची यंत्रणा आहे. डेलच्या लिनक्स अभियंत्यांनी ती २००३ मध्ये लिहिली आणि आज डेबियन, उबुंटूसारख्या बहुतेक सगळ्या लिनक्स डिस्ट्रोंत मिळते. ड्रायव्हरचा स्रोत ती यूएसआर फोल्डरातल्या 'एसआरसी'मध्ये जपून ठेवते आणि नवा कर्नल बसला की त्यातून नवं मॉड्यूल बांधते. ड्रायव्हर निवडताना त्याच्या स्रोतात 'डीकेएमएस.कॉन्फ' ही फाइल आहे का, हे आवर्जून बघा. नसेल तर तो ड्रायव्हर घेऊ नका, कितीही चांगला असला तरी.

मला हे कळलं तेव्हा मी सहाही मशिनवर डीकेएमएसने ड्रायव्हर बसवला आणि सुटले असं वाटलं. पुढच्या कर्नलला नेट परत गेलं.

कारण हेडर्स. ड्रायव्हर बांधायला त्या कर्नलची हेडर्स, म्हणजे त्याच्या आतल्या जोडण्यांचं वर्णन असलेल्या फाइली, लागतात. त्यांच्याशिवाय डीकेएमएसला हात-पाय नाहीत. जिथे बघाल तिथे सूचना असते, की 'लिनक्स-हेडर्स-' आणि पुढे 'यूनेम -आर'चं उत्तर (म्हणजे चालू कर्नलचं नाव), असं पॅकेज टाका. ती सूचना चुकीची नाही, पण अपुरी आहे. त्याने फक्त आजच्या कर्नलची हेडर्स येतात. डेबियनमध्ये कर्नल स्वतः 'लिनक्स-इमेज-एएमडी६४' या छत्री-पॅकेजमुळे (जे नेहमी सगळ्यात नवी आवृत्ती ओढून आणतं) अपडेट होत राहतो, हेडर्स मात्र जिथल्या तिथे. नवा कर्नल येतो, डीकेएमएस कामाला लागतं, हेडर्स सापडत नाहीत आणि बांधणी सोडून देतं. अपडेटच्या शे-दोनशे ओळींत एक इशारा येऊन जातो. तो कुणी वाचत नाही.

उपाय एका ओळीचा आहे:

सुडो आप्ट इन्स्टॉल डीकेएमएस बिल्ड-इसेन्शियल लिनक्स-हेडर्स-एएमडी६४

शेवटी आकड्यांची आवृत्ती नाही, हे नीट बघा. 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' हेही छत्री-पॅकेज आहे. कर्नल पुढे सरकला की हेडर्सही बरोबर सरकतात. उबुंटू २२.०४ वर एचडब्ल्यूई, म्हणजे नव्या हार्डवेअरसाठीचा, कर्नल वापरत असाल तर पॅकेजचं नाव 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४', साध्या कर्नलवर 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक'. तिथे हेडर्स सहसा आधीपासून असतात, पण डिस्क भरली म्हणून कुणीतरी ती काढून टाकलेली असतात.

हे करताना आधी 'सुडो आप्ट अपडेट' आणि 'सुडो आप्ट अपग्रेड' पूर्ण होऊ द्या. तसं केलं नाही तर हेडर्स नव्या कर्नलची आणि मशिनवर कर्नल जुना, अशी उलटी विसंगती होते.

नेट गेलेलं मशिन जुन्या कर्नलवर चालू करून दुरुस्त करत असाल, तर आणखी एक जागा आहे जिथे माझी अख्खी दुपार गेली. हेडर्स टाकली की बहुतेक वेळा बांधणी आपोआप होते. झाली नाही, तर 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' चालवायचं. पण नुसतं असं लिहिलं की ते चालू असलेल्या, म्हणजे जुन्या कर्नलसाठी बांधतं. तिथे तर ड्रायव्हर आधीच आहे, त्यामुळे ते मुकाट्याने संपतं आणि आपल्याला वाटतं काम झालं. नव्या कर्नलसाठी हवं असेल तर पुढे '-के' आणि नव्या कर्नलचं पूर्ण नाव द्यायचं, उदाहरणार्थ '-के ६.१.०-२१-एएमडी६४'. इथला 'के' लहान.

मग 'डीकेएमएस स्टेटस' चालवा. प्रत्येक कर्नलसाठी एक ओळ दिसते आणि शेवटी 'इन्स्टॉल्ड' हा शब्द. नव्या कर्नलची ओळच नसेल, किंवा शेवटी नुसतं 'अॅडेड' असेल, तर रीस्टार्ट करू नका. आधी ते निस्तरा.

हेडर्स असूनही बांधणी फसली, तर ड्रायव्हरचा स्रोतच जुना झालेला असतो. नव्या कर्नलने काहीतरी बदललंय आणि जुन्या स्रोताला ते माहीत नाही. व्हीएआर-लिब-डीकेएमएसच्या आत ड्रायव्हरच्या नावाखाली 'मेक.लॉग' फाइल असते, तिच्या शेवटच्या वीस ओळी वाचा. 'एरर' शब्द असलेली पहिली ओळ महत्त्वाची, नंतरच्या बहुतेक तिच्यातूनच आलेल्या असतात. अशा वेळी जुना ड्रायव्हर 'डीकेएमएस रिमूव्ह'ने काढून त्याचा ताजा स्रोत आणावा. कोडमध्ये स्वतः ठिगळं लावत बसू नये. मी एकदा लावलं होतं, ते पुढच्याच कर्नलला फाटलं.

सिक्युअर बूट

अभ्यासिकेतली मशिन जुनी, तिथे हा प्रश्न आला नाही. पण एका मुलाच्या नव्या लॅपटॉपवर सगळं नीट बांधलं गेलं आणि मॉड्यूल चढवणाऱ्या 'मॉडप्रोब' आज्ञेला उत्तर मिळालं, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. सिक्युअर बूट चालू असलं की सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. 'मोकयूटिल --एसबी-स्टेट' केलं की ते चालू आहे का कळतं. बायोसमध्ये जाऊन ते बंद करता येतं, पण त्याच लॅपटॉपवर विंडोजही असेल आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल, तर विंडोज रिकव्हरी की मागत बसू शकतं. त्यापेक्षा किल्लीची नोंद करा. डेबियन १२ मधलं डीकेएमएस स्वतःची किल्ली तयार करतं, ती व्हीएआर-लिब-डीकेएमएसमध्ये 'मोक.पब' नावाने असते. 'सुडो मोकयूटिल --इम्पोर्ट' आणि त्या फाइलचा पत्ता द्या, एक तात्पुरता पासवर्ड ठरवा, रीस्टार्ट करा. निळी स्क्रीन येईल. तिथे 'एनरोल मोक' निवडून तोच पासवर्ड टाका. ही स्क्रीन काही सेकंदच थांबते. चहा आणायला उठलात तर निघून जाईल आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

नेट आहे, पण तुटतंय

ड्रायव्हर बसल्यावरही दोन मशिनवर दर पाच-दहा मिनिटांनी नेट तुटायचं. यात तीन वेगवेगळी कारणं निघाली.

एक, वीज बचत. जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये 'वायफाय.पॉवरसेव्ह' ही किंमत ३ असेल तर बचत चालू, २ असेल तर बंद. डेस्कटॉपला बचतीचा उपयोग काय, सरळ २ करा.

दोन, पत्ता बदलणं. नेटवर्कमॅनेजर नेटवर्क शोधताना डोंगलचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, बदलून वापरतो आणि काही ड्रायव्हरना ते पचत नाही. नेटवर्क यादीत दिसतं, पासवर्ड बरोबर असतो, तरी जोडणी होत नाही. ईटीसीमधल्या नेटवर्कमॅनेजरच्या 'कॉन्फ-डी' फोल्डरात एक फाइल करून '[डिव्हाइस]' या मथळ्याखाली 'वायफाय.स्कॅन-रँड-मॅक-अॅड्रेस=नो' लिहा आणि नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करा. राउटरवर मॅक फिल्टर लावलेला असेल तर एकदा तिथेही नजर टाका.

तीन, जागा. सहा नंबरचं मशिन त्यातल्या त्यात नवं, त्याला मागे निळे यूएसबी ३ पोर्ट आहेत. डोंगल तिथे लावलेलं आणि शेजारच्याच पोर्टात यूएसबी ३ ची बाहेरची हार्डडिस्क. कुणी पीडीएफ कॉपी करायला घेतल्या की नेट बसायचं. यूएसबी ३ च्या केबलीतून आणि जोडण्यांतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून मांडलं होतं. हातभर लांबीची एक साधी यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल टेबलावर आणलं आणि प्रश्न मिटला. जुन्या सीपीयूंच्या पुढच्या पोर्टांना तर मी डोंगल लावूच देत नाही. आतल्या वायरी सैल झालेल्या असतात आणि यूएसबी २ च्या पोर्टातून ५०० मिलीअॅम्पिअरच मिळतात, तेही पुढच्या पोर्टापर्यंत धड पोचत नाहीत.

चाळीत २.४ ची गर्दीही भयंकर. संध्याकाळी सातला फोनवर यादी उघडली तर स्क्रोल करून संपत नाही. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. ८८११सीयू ५ गिगाहर्ट्झवरही चालते, म्हणून जवळची चार मशिन मी तिकडे नेली. लांबची दोन २.४ वरच ठेवली, कारण त्या जाड भिंतीतून ५ चा सिग्नल पार होत नाही. राउटरवर चॅनल 'ऑटो' न ठेवता ११ ठरवून दिला. ५ गिगाहर्ट्झवर काही चॅनल दिसतच नसतील, तर 'आयडब्ल्यू रेग गेट' करून देश बघा. ०० आलं, तर डोंगलला आपण कुठे आहोत हे माहीत नाही आणि ते अगदी दबकून वागतं. 'सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन' करा, शेवटची दोन अक्षरं मोठी. २०१८ पासून भारतात ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा विनापरवाना वापरायला मोकळा आहे, त्याचा फायदा घ्या.

नवं डोंगल घेणार असाल तर

लॅमिंग्टन रोडला जाताना मी आता जुना लॅपटॉप आणि डेबियनचा लाइव्ह पेनड्राइव्ह बरोबर नेते. पैसे देण्याआधी दुकानदाराला म्हणते, "दादा, एकदा लावून बघू द्या." एक-दोघे नाही म्हणतात, बहुतेक देतात. मागच्या खेपेला काउंटरवर उभ्या-उभ्या पाच डोंगल लावून बघितली. नखाएवढी छोटी, सगळी काळी, सगळ्यांच्या खोक्यावर ६०० हा आकडा. एलएसयूएसबीने त्यांत तीन वेगवेगळ्या चिप दाखवल्या. दुकानदारही काउंटरवरून वाकून बघत होते. म्हणाले, "म्हणून लोक परत आणून देतात होय."

मीडियाटेकची एमटी७६१२यू किंवा एमटी७९२१एयू चिप असलेलं मिळालं तर घ्या. पहिलीचा ड्रायव्हर कर्नल ४.१९ पासून आणि दुसरीचा ५.१८ पासून कर्नलमध्येच आहे. थोडं महाग पडतं, पण वर लिहिलेलं काहीही करावं लागत नाही. अर्थात ज्यांच्याकडे सहा डोंगल आधीच आहेत त्यांना ती फेकून द्या असं मी सांगणार नाही. आमच्याकडेही तेवढे पैसे नव्हते.

डेबियन १३ वर जाताना

२०२५ च्या ऑगस्टमध्ये डेबियन १३ आलं, त्याचा कर्नल ६.१२. म्हणजे ८८२१सीयूचा ड्रायव्हर आता आतच आहे. फक्त फर्मवेअर-रिअलटेक हे पॅकेज असायला हवं. चार मशिन मी १३ वर नेली आणि पहिल्याच मशिनवर वाय-फाय गायब. त्या वेळी पोटात गोळा आला होता.

झालं असं, की बाहेरचा आणि आतला, असे एकाच चिपचे दोन ड्रायव्हर भांडू नयेत म्हणून बाहेरच्या ड्रायव्हरच्या इन्स्टॉल स्क्रिप्टने आतल्याला काळ्या यादीत टाकलं होतं. मी बाहेरचा काढला, यादी तशीच राहिली. आतला ड्रायव्हर हजर, पण त्याला दार बंद. ईटीसीमधल्या 'मॉडप्रोब-डी' फोल्डरात 'ब्लॅकलिस्ट आरटीडब्ल्यू८८_८८२१सीयू' अशी ओळ असलेली फाइल सापडली. ती हटवली, 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' केलं, रीस्टार्ट केलं. चालू मॉड्यूलची यादी देणाऱ्या 'एलएसमॉड'मध्ये आरटीडब्ल्यू८८ दिसलं आणि डोंगलचा निळा दिवा लागला. बाकीच्या तीन मशिनवर मग हेच आधी केलं: 'डीकेएमएस रिमूव्ह', काळ्या यादीची फाइल आणि त्यानंतर अपग्रेड.

दोन आणि पाच नंबर अजून १२ वरच आहेत. त्यांच्यावर डीकेएमएस चालू आहे, हेडर्सचं छत्री-पॅकेज आहे. त्या दोन मॉनिटरच्या वर मी एक कागद चिकटवलाय: 'अपडेट केल्यावर मशिन बंद करण्याआधी डीकेएमएस स्टेटस बघा. सगळ्यात नव्या कर्नलपुढे इन्स्टॉल्ड आहे का? नसेल तर ताईला फोन.' गेल्या सात महिन्यांत त्या कागदामुळे मला एकच फोन आला, आणि तोही मशिन बंद करण्याच्या आधी.